मांडी घालून बसता यावं म्हणून



चातुर्मास सुरू झाला की स्थानकात भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लागते. पूर्वी ही रांग सत्तरी ओलांडलेल्या आजींसाठी असायची. आता तिथे पन्नाशीच्या, कधी कधी पंचेचाळिशीच्याही बायका दिसतात. ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ज्यांना मणक्याचा त्रास आहे, त्यांचा प्रश्नच नाही. त्यांनी खुशाल खुर्चीवर बसावं आणि कुणी नाक मुरडलं तर तिकडे बघूही नये. मी बोलतेय ते बाकीच्यांबद्दल. आजार म्हणावा असा काही नाही, पण सामायिकाची ४८ मिनिटं जमिनीवर बसवत नाही, तिक्खुत्तोची तिसरी वंदना होईपर्यंत हात टेकून उठावं लागतं, आणि मग "वय झालं आता" म्हणत हळूच खुर्ची ओढली जाते.

माझं मत असं की यातल्या बहुतेकींचं वय झालेलं नाही. त्यांचा जमिनीशी संबंध तुटला आहे.

आपल्या आजीचं स्वयंपाकघर आठवून बघा. विळीवर भाजी चिरायची ती एक पाय दुमडून, दुसरा गुडघा उभा करून. धान्य निवडायचं ते सूप घेऊन जमिनीवर. जेवण पाटावर, पंगत खाली, कपडे धुवायचे ते उकिडवं बसून. दिवसातून किती वेळा तिचे खुबे, गुडघे, घोटे पूर्ण मिटत आणि पूर्ण उघडत, त्याची गणतीच नाही. तिला कुणी स्ट्रेचिंग शिकवलं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. मग उभ्याचा ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, वॉशिंग मशीन आलं. मी या कशाच्याच विरोधात नाही. धुरात डोळे चोळत चुलीपुढे बसण्यात काही पुण्य नव्हतं. पण या सोयींबरोबर जी हालचाल घरातून गेली, ती आता वेगळा वेळ काढून भरून काढावी लागणार, हा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

आता ती भरून काढायची कशी, यावर ज्याचं त्याचं मत. एकजण म्हणते सूर्यनमस्कार घाल. दुसरी म्हणते अय्यंगार पद्धत, बाकी सगळं व्यर्थ. कुणाची सून जिममधून काहीतरी नवीन शिकून आलेली असते. कुणाला फिजिओथेरपीवाल्या ताईंनी पाय उचलून दाबायला लावलेलं असतं. पुण्यात तर काय, दर दोन गल्ल्यांत एक योगवर्ग आणि प्रत्येकाची पद्धत खरी. या सगळ्या पद्धती मी एकाच कसोटीवर लावून बघते. घर सांभाळणारी, पन्नाशीच्या आसपासची बाई, तिला स्पर्धेत उतरायचं नाही, सर्कशीत जायचं नाही. तिला जमिनीवर सुखानं बसायचंय आणि कुणाचा हात न धरता उठायचंय.

सगळ्यात आधी ती पद्धत बाजूला काढते जी आपण सगळ्या शाळेत शिकलो. कवायतीचा तास, उन्हात रांगा, आणि "एक-दोन, एक-दोन" या तालावर झटके देत पायाचे अंगठे धरायचे. अजूनही कित्येक जणी सकाळी गच्चीवर हेच करताना दिसतात. आपल्या स्नायूंच्या आत ताण ओळखणारे बारीक संवेदक असतात. स्नायू एकदम, वेगानं ओढला गेला की ते पाठीच्या कण्याकडे खबर देतात आणि तिथून उलटा हुकूम येतो की आवळ, नाहीतर फाटशील. म्हणजे आपण झटक्यानं ओढतो त्याच क्षणी शरीर आतून लगाम खेचतं. खेळाडूंचं वेगळं, त्यांच्या शरीराला वेगाची सवय असते आणि समोर प्रशिक्षक असतो. आपण घरच्या बायकांनी हे करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

सूर्यनमस्कारांची गोष्ट निराळी. महाराष्ट्राच्या घराघरांत ते पोचले त्यात साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा. स्वतः रोज नमस्कार घालायचे, संस्थानातल्या शाळांमधून ते सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली. आजच्या भाषेत सूर्यनमस्कार म्हणजे डायनॅमिक स्ट्रेचिंगच. एका स्थितीतून दुसरीत वाहत जायचं, कुठेच फार थांबायचं नाही. यानं अंग गरम होतं, रक्त खेळतं, खांदे आणि पाठ मोकळी होते, आणि हातांना, दंडांना ताकदही येते, जी नुसत्या ताणण्यातून येत नाही. जिममधले लोक हल्ली सांगतात की पळण्याआधी किंवा खेळण्याआधी एकेक ताण मिनिटापेक्षा जास्त वेळ धरून बसू नये, त्यानं स्नायूचा जोर थोडा वेळ कमी पडतो, त्यापेक्षा हालतं स्ट्रेचिंग करावं. ते बरोबरच आहे. पण मांडी घालून बसण्यासाठी खुब्याला जो बाहेरच्या बाजूला फिरण्याचा सैलपणा लागतो, तो सूर्यनमस्कारात फारसा येतच नाही. त्यात गुडघा पुढे येतो, मागे जातो, बाजूला उघडत नाही. म्हणून वर्षानुवर्षं बारा-बारा नमस्कार घालणाऱ्या बाईलाही सामायिकात पाय बदलत बसावं लागतं आणि तिला कळत नाही असं का. नमस्कार घालावेत, जरूर घालावेत, पण ती सुरुवात समजून.

आता अय्यंगार. पुण्यात राहून या विषयावर बोलायचं आणि त्यांच्याबद्दल दोन शब्द जास्त बोलायचे नाहीत, हे जमणार नाही. बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे, जन्म १९१८चा. १९३७ साली अवघ्या अठराव्या वर्षी सहा महिने योग शिकवायला म्हणून पुण्यात आले आणि २०१४ साली देह ठेवेपर्यंत पुण्याचेच राहिले. लहानपणी इन्फ्लुएन्झा, मलेरिया, टायफॉइड, क्षय, काय काय सोसलेलं अशक्त शरीर. जन्मतः लवचिक असलेला हा माणूस नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला स्वतःला वाकता येत नव्हतं, त्यानंच न वाकणाऱ्यांसाठी वाट काढली. तरुणपणी गुरूंच्या सांगण्यावरून पाहुण्यांसमोर त्यांनी हनुमानासन केलं, म्हणजे दोन्ही पाय पुढे-मागे सरळ पसरून जमिनीला टेकवणं, आणि मांडीमागचे स्नायू फाटले. कितीतरी काळ त्याचा त्रास झाला, हे त्यांनीच पुढे सांगितलंय. पुढे आयुष्यभर ते साधनांच्या मागे लागले, त्यात या दुखण्याचा वाटा असणार असं मला आपलं वाटतं.

साधनं म्हणजे काय, तर पट्टा, लाकडी विटा, लोड, घडी केलेली ब्लँकेट्स, लोखंडी खुर्ची, भिंतीतले दोर. मॉडेल कॉलनीत १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार संस्थेत हे सगळं व्यवस्थित मांडून ठेवलेलं असतं. पायाचा अंगठा हाताला लागत नाही? पट्टा घाल आणि पट्टा धर. हात जमिनीला पोचत नाही? हाताखाली वीट घे. म्हणजे जमीन तुझ्याकडे वर आणली, तुला जमिनीकडे ढकललं नाही. मग त्या स्थितीत थांबायचं, श्वास चालू ठेवायचा, घाई नाही. त्यांच्या १९६६ साली आलेल्या इंग्रजी पुस्तकातले फोटो बघून (मराठीत ते 'योगदीपिका' म्हणून मिळतं) आपली छाती दडपते, ती दडपू देऊ नका. ते शिखर आहे. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी खास स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात पाळीच्या दिवसांपासून बाळंतपणापर्यंत शरीराच्या वेगवेगळ्या अवस्थांचा विचार केलाय. तो आपल्याला जास्त जवळचा.

व्यायामशास्त्राच्या भाषेत ही स्टॅटिक म्हणजे थांबून ताण देण्याची पद्धत. किती वेळ थांबायचं यावर १९९४ साली अमेरिकेत मांडीमागच्या स्नायूंवर एक अभ्यास झाला. त्यात १५ सेकंदांपेक्षा ३० सेकंद थांबणाऱ्यांचा फायदा स्पष्ट जास्त होता, पण ६० सेकंद थांबणाऱ्यांना ३० सेकंदवाल्यांपेक्षा काही अधिक मिळालं नाही. म्हणजे घड्याळात अर्धा मिनिट. एक नवकार शांतपणे म्हणून होतो, दुसरा सुरू करावा तेवढा वेळ. वय जास्त असेल तर एक मिनिटापर्यंत थांबायला हरकत नाही. प्रत्येक ताण दोन-तीनदा. आठवड्यातून एकदा तासभर घाम गाळण्यापेक्षा रोज दहा मिनिटं, हे मी ठासून सांगेन.

चौथी पद्धत फिजिओथेरपीवाल्यांची. नाव मोठं आहे, पीएनएफ म्हणतात, आपण त्याला आवळून-सोडण्याची पद्धत म्हणू. १९४०च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कबात आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मार्गारेट नॉट यांनी पोलिओ आणि तशाच आजारांच्या रुग्णांसाठी ती बसवली. घरी करता येईल असा तिचा सोपा प्रकार म्हणजे, पाठीवर झोपायचं, एका तळपायाला जुनी सुती ओढणी अडकवून पाय वर घ्यायचा, ताण जाणवेल तिथे थांबायचं. मग पाय ओढणीवर उलटा, जमिनीकडे दाबायचा, निम्म्याच जोरानं, पाच-सहा सेकंद. सोडून द्यायचं. श्वास सोडताना पाय अंगाकडे आणायचा. आश्चर्य वाटेल इतका तो जास्त येतो. एका बैठकीत दिसणारा फरक बघितला तर ही पद्धत सगळ्यांत पुढे जाईल. पण त्यातच तिचा धोका आहे. दुसऱ्या कुणाला पाय ढकलायला लावला आणि त्या व्यक्तीला कुठे थांबायचं कळत नसलं, तर दुखणं विकत घेणं आलं. स्वतःच्या हातात ओढणी असेल तरच करावी, किंवा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली.

हा जो आश्चर्यकारक फरक असतो, त्याबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी, म्हणजे उतावीळपणा जाईल. पहिल्या काही आठवड्यांत जी लवचिकता वाढलेली दिसते, ती बरीचशी स्नायू लांब झाल्यामुळे नसते. मेंदूची सहन करण्याची हद्द सरकलेली असते. कालपर्यंत ज्या जागी तो "बास" म्हणत होता, तिथे आज म्हणत नाही. त्याला रोज थोडं थोडं पटवावं लागतं की इथे धोका नाही. धसमुसळेपणा केला, दुखवून घेतलं, तर तो पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसतो. सासूबाईंचं मन वळवण्यासारखंच आहे हे, ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

म्हणून माझी पसंती सरळ आहे. घरकाम उरकलं, अंग गरम आहे, की दोन-तीन सूर्यनमस्कार किंवा पाच मिनिटं घरातच भरभर चालणं. मग आधार घेऊन, थांबून द्यायचे ताण, ओढणीनं मांडीमागचे, भिंतीला हात लावून पोटरीचे. आणि खुब्यासाठी तळपायाला तळपाय जोडून बसायचं ते बद्धकोनासन, गुडघ्यांखाली दोन्हीकडे उशा ठेवून. आठवड्यातून दोनदा आवळून-सोडण्याचा प्रकार. झटके कधीच नाहीत.

वेळेबद्दल मात्र मी जुन्या लोकांशी थोडी भांडते. पहाटे उठल्या उठल्या व्यायाम, हे आपल्याकडे ब्रह्मवाक्य. पण रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्यानंतर पहिल्या तासाभरात कंबरेतून खोल वाकणं पाठीला महाग पडू शकतं. चालायला जा, खांदे फिरवा, पुढे वाकण्याचं जरा उशिरा ठेवा. केर-लादी झाल्यानंतरची वेळ मला सगळ्यांत योग्य वाटते.

नुसतं ताणूनही भागत नाही. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांना एक साधी गोष्ट करायला लावली, जमिनीवर बसा आणि उठा. दहा गुण. खाली बसण्याचे पाच, उठण्याचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की दरवेळी एक गुण कमी, तोल गेला की अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. गुण कमी म्हणजे आयुष्य कमी असा सरळ अर्थ कुणी काढू नये, ज्यांची तब्येत मुळातच खालावलेली असते त्यांना उठणंही जड जातं. पण बसणं-उठणं यात लवचिकता, ताकद आणि तोल तिन्ही लागतात, एवढं नक्की. आपल्या वंदनेत दुसरं काय असतं? ज्या बाईला ताणण्याचे व्यायाम नियमित जमतात आणि तरी उठताना टेबल धरावं लागतं, तिच्या मांड्यांत ताकद कमी आहे. तिनं पलंगाच्या कडेवर बसून हात न लावता दहा वेळा उठावं-बसावं.

आता सामायिकाचं. ३२ दोषांपैकी १२ शरीराचे सांगितलेत हे आपल्याला पाठ असतं. त्यात विनाकारण टेकून बसणं आहे, पुन्हा पुन्हा आसन बदलणं आहे, हातपाय पसरणं-आखडणं आहे, बोटं मोडणं, आळस देणं आहे. ही यादी ज्यांनी केली त्यांना शरीर फार चांगलं कळत होतं, असं मला दर वेळी वाटतं. अवघडलेली बाई ४८ मिनिटांत नेमकं हेच सगळं करते. ताणायचं ते सामायिकाच्या आधी, तिथे नाही.

आणि एक साधा उपाय, ज्याला अजूनही पुष्कळ जणी लाजतात. बसताना बुडाखाली घडी घ्या. खुबे आखडलेले असले की मांडी घातल्यावर कंबर मागे लवंडते, पाठीला पोक येतो, आणि दहा मिनिटांत पाठ भरून येते. चार बोटं उंचीची घोंगडीची घडी बसण्याच्या हाडांखाली आली की गुडघे खुब्यांपेक्षा खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. ही अय्यंगारांच्या वर्गातली अगदी पहिली युक्ती. हे "टेकणं" झालं का, असा प्रश्न मला विचारला गेलाय. माझं उत्तर, नाही. दोष विनाकारण आधार घेण्याचा आहे. इथे कारण आहे, आणि घडीमुळे मन आसनावरून उठून आत जातं.

पद्मासनाचा हट्ट मात्र सोडावा. प्रत्येकीच्या खुब्याच्या सांध्याची हाडं एकाच घाटाची नसतात. काहींच्या हाडांची ठेवणच अशी असते की पाय तेवढा फिरणारच नाही, मग कितीही वर्षं ताणा. तरी ओढून पाय मांडीवर चढवला की खुब्यानं न केलेलं फिरणं गुडघ्याला करावं लागतं, आणि गुडघा त्यासाठी बनलेलाच नाही. आमच्या भागातल्या एका योगवर्गात शिक्षक बायकांच्या गुडघ्यांवर हातानं दाब देऊन "अजून, अजून" म्हणतात. अशा वर्गातून सतरंजी गुंडाळून सरळ घरी यावं.

यावर कुणीतरी कायक्लेशाचं नाव काढतंच. बाह्य तपांत कायक्लेश आहे, त्यात आसनंही येतात, मग थोडं दुखलं तर काय बिघडलं? भगवान महावीरांना केवलज्ञान झालं ते गोदोहासनात, गाय दोहताना बसतात तसं उकिडवं बसलेल्या स्थितीत. श्रवणबेळगोळचे ५७ फुटी बाहुबली उभेच आहेत, अंगावर वेली चढल्या तरी. पण या दोन्ही मूर्ती डोळ्यांसमोर आणा. दोघांच्याही शरीरात ओढाताण कुठे दिसते? तिथे आहे ती स्थिरता. तप यथाशक्ती करायचं असं आपल्याकडे सांगितलंय. लिगामेंट फाडून घेणं हे तप नाही, ती आपल्याच शरीरावर केलेली बेपर्वाई आहे, आणि पुढचे सहा महिने घरच्यांना आपली सेवा करावी लागते ती वेगळीच.

काही जणींनी आधी डॉक्टरांना विचारावं. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर खोल पुढे वाकणं आणि कंबर पिळणं टाळायचं, मणक्याला इजा होऊ शकते. गुडघा बदललेला असेल तर जमिनीवर बसायचं की नाही हे सर्जनच ठरवणार. काचबिंदू किंवा रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. आणि अठ्ठाई किंवा मोठी तपश्चर्या चालू असताना लवचिकता वाढवायच्या मागे लागूच नका. उपवासात एकदम उठताना चक्कर येते. त्या दिवसांत पाय मोकळे करण्यापुरती हालचाल पुरे.

जाता जाता आपल्या संघांच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना एक विनंती. खुर्च्या हव्यातच, त्या कमी करू नका. पण त्यांच्या शेजारी वीस-पंचवीस जाड घोंगड्यांचा एक गठ्ठाही ठेवा, नीट घडी घालून, कुणाला मागावा लागणार नाही अशा जागी. येत्या चातुर्मासाच्या आधी ठेवलात तर बरं. खर्च फार नाही, आणि धुवायची जबाबदारी आम्ही बायका वाटून घेऊ.